नाडी थांबली, हृदय चालूच राहिले

१९५७ च्या सुमारास दोन संशोधक हृदयाचे आणि मेंदूचे आलेख काढणारी यंत्रे घेऊन भारतभर हिंडत होते. त्यांपैकी एम. ए. वेंगर हे कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ, तर बसू कुमार बागची हे मिशिगन विद्यापीठातील मेंदूलहरींचे अभ्यासक. गमतीचा भाग असा, की हेच बागची तरुणपणी स्वामी धीरानंद या नावाने योगविद्येचा प्रसार करण्यासाठी अमेरिकेत गेले होते आणि पुढे भगवी वस्त्रे उतरवून प्रयोगशाळेत शिरले होते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ बी. के. आनंद त्यांना येऊन मिळाले. आपण इच्छेनुसार हृदय थांबवू शकतो, असे सांगणारे साधक त्यांना तपासायचे होते, आणि त्या तपासणीचे निष्कर्ष १९६१ साली ‘सर्क्युलेशन’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

साधक खोटे बोलत नव्हते, हे आधी सांगायला हवे. मनगटावर बोट ठेवणाऱ्याला नाडी खरोखरच लागेनाशी होत होती आणि स्टेथोस्कोपमधून ठोकेही ऐकू येत नव्हते. हृदयाचा विद्युत आलेख मात्र अखंड चालू होता. दीर्घ श्वास घेऊन कंठ बंद केला आणि छातीचे व पोटाचे स्नायू जोराने आवळले, की छातीच्या पोकळीतील दाब वाढतो. त्या दाबामुळे शिरांमधून हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताची वाट अडते. हृदयात रक्तच थोडे येत असल्यामुळे प्रत्येक ठोक्याला बाहेरही थोडेच फेकले जाते. आणि हे प्रमाण इतके घटते, की मनगटातील धमनीपर्यंत त्याचा धक्का जाणवत नाही. आवळलेल्या स्नायूंच्या आवाजात ठोक्यांचा आवाज बुडून जातो. एका साधकाने ठोके स्पष्टपणे मंद करून दाखवले, परंतु तेही स्नायूंच्या साहाय्याने, मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूवर परिणाम घडवून.

अशा तपासणीची सुरुवात आपल्याकडे त्याच्या बरीच आधी झाली होती. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे संशोधनपत्र सुरू केले. पाण्यात बसून पाणी आतड्यात ओढून घेण्याची बस्ती ही क्रिया सामान्य माणसाला चमत्कारासारखी वाटे. कुवलयानंदांनी दाबमापक आणि क्ष-किरण वापरून दाखवले, की नौली, म्हणजे पोटाचे स्नायू आवळून फिरवण्याची क्रिया, करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि त्यामुळे पाणी आत ओढले जाते. या घटत्या दाबाला त्यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ ‘माधवदास व्हॅक्यूम’ असे नाव दिले. त्याच माधवदासजींचे दुसरे शिष्य श्री योगेंद्र यांनी १९१८ साली वर्सोव्याला योग संस्था काढली, जी आता सांताक्रूझला आहे, आणि गुहेतील विद्या संसारी माणसाला खुलेपणाने शिकवायला घेतली. १९३६ साली मरीन ड्राइव्हवर कैवल्यधामचे आरोग्य केंद्र उभे राहिले.

म्हणजे गूढ मानलेल्या गोष्टी मोजता येतात, मोजल्यावर त्यांतले काही उरते आणि उरते ते अनेकदा कामाचेही असते. तरीही थांबलेल्या हृदयाची गोष्ट जितकी सांगितली जाते तितकी छातीतील दाबाची सांगितली जात नाही. माणसाला दडलेली शक्ती हवी असते ती नेमकी कशासाठी, हा प्रश्न त्यामुळे शरीरशास्त्राकडून मानसशास्त्राकडे आणि मानववंशशास्त्राकडे सरकतो.

एक उत्तर मुंबईच्या लोकलच्या डब्यात चिकटवलेले असते. बाबा-बंगालींच्या त्या छोट्या पत्रकांवर नोकरी, गृहक्लेश, प्रेमविवाह, कोर्टकचेरी, वशीकरण, सवतीपासून सुटका अशी यादी असते. यादीतील प्रत्येक बाब अशी आहे, की तिचा निकाल दुसऱ्या कोणाच्या तरी हाती असतो. मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रिआंड बेटांवर हेच पाहिले होते: शांत खाजणातील मासेमारीला तिथे मंत्रतंत्र लागत नसे, पण वादळाची आणि रिकाम्या हाताने परतण्याची भीती असलेल्या खोल समुद्रातील मासेमारीला भरपूर लागत असे. २००८ साली जेनिफर व्हिटसन आणि ॲडम गॅलिन्स्की यांनी ‘सायन्स’मध्ये असे प्रयोग प्रसिद्ध केले, की ज्यांच्या मनात परिस्थिती हाताबाहेर गेल्याची भावना निर्माण केली त्यांना अर्थहीन ठिपक्यांतही आकृत्या दिसू लागल्या. पुढे २०१८ साली अशाच प्रयोगांची पुनरावृत्ती इतर संशोधकांनी केली तेव्हा मात्र तो परिणाम आढळला नाही. हताशेतून गूढाकडे जाणारी वाट आहे, हे मान्य केले तरी प्रयोगशाळेतील काही मिनिटांची हताशा आणि वर्षभर तुंबलेला पगार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय हताशेचे उत्तर अर्धेच आहे, कारण ज्यांचे सगळे ठीक चालले आहे असेही पुष्कळ लोक अनुग्रह घ्यायला रांगेत उभे असतात. त्यांच्यासाठी माणसाच्या दुसऱ्या एका भुकेकडे पाहावे लागते, आणि ती म्हणजे मानाची भूक. तिला केवळ पोकळ हौस समजणे चुकीचे ठरेल. लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतील सतरा हजारांहून अधिक पुरुष कर्मचाऱ्यांचा मायकेल मार्मट आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला. १९७८ साली त्यांनी दाखवले, की सर्वांत खालच्या श्रेणीतील शिपायांचे हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांच्या ३.६ पट होते, आणि धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हिशेब केल्यावरही या तफावतीचा मोठा भाग शिल्लक राहत होता. यातला कोणीही उपाशी नव्हता. उतरंडीतील आपली पायरी शरीरालाही कळते, असे म्हणायला हा पुरावा पुरेसा बोलका आहे.

पायरी चढण्याचे दोन मार्ग जोसेफ हेन्रिक आणि फ्रान्सिस्को गिल-व्हाइट यांनी २००१ साली वेगळे करून दाखवले. पहिला दहशतीचा, जो आपल्याला माकडांच्या टोळीतही दिसतो. दुसरा प्रतिष्ठेचा, जो प्रामुख्याने माणसाचा आहे. ज्याच्याकडे शिकण्यासारखे काही आहे त्याच्याभोवती लोक आपणहून जमतात, त्याची सेवा करतात आणि त्या बदल्यात त्याचा सहवास मिळवतात. उत्तम गवई, कसबी सुतार, निष्णात शल्यविशारद यांना मान मिळतो तो याच रीतीने. या व्यवस्थेत एक फट आहे. गवयाचे कसब कानाला कळते, सुताराचे डोळ्याला दिसते. परंतु ज्याचे ज्ञान दाखवायचेच नसते, ते त्याच्याकडे आहे की नाही हे शिष्याने कसे ठरवावे? तो केवळ इतरांनी वाकवलेल्या माना पाहू शकतो. गुप्त ज्ञान हा प्रतिष्ठेचा असा प्रकार आहे, ज्यात परीक्षा टळते आणि मान मात्र पूर्ण मिळतो.

गुप्ततेचे हे गणित नॉर्वेचे मानववंशशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्थ यांनी न्यू गिनीतील बाक्तामान या जमातीत फार बारकाईने टिपले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ते तिथे राहिले तेव्हा या जमातीत दोनशेहून कमी माणसे होती आणि तेवढ्यांत पुरुषांच्या दीक्षेच्या सात पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवर नवे रहस्य उघड होई, आणि त्याबरोबर हेही कळे, की मागच्या पायरीवर सांगितलेले अपुरे किंवा चक्क फसवे होते. सातव्या पायरीवरच्या वडीलधाऱ्यांना नेमके किती ठाऊक आहे हे खालच्या कोणालाच माहीत नसल्यामुळे त्यांचा दरारा टिकून राही. बार्थ यांचे निरीक्षण असे होते, की तिथे ज्ञानाचे मोल ते जितक्या थोड्या लोकांत वाटले जाई तितके वाढे. त्यामुळे वडीलधारे बरेचसे ज्ञान आपल्यापाशीच ठेवत आणि काही ज्ञान त्यांच्याबरोबरच नाहीसे होई. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी १९०६ मध्येच लिहून ठेवले होते, की रहस्याचे आकर्षण त्यातल्या आशयावर फारसे अवलंबून नसते. इतरांना वगळणे हेच त्याचे बळ असते.

हे सारे दूरच्या जंगलात घडते असे समजू नये. मुंबईच्या फोर्ट भागात आजही फ्रीमेसन या गुप्त विधी पाळणाऱ्या बंधुमंडळाचे सभागृह उभे आहे. या शहरातील युरोपीय फ्रीमेसन मंडळींनी माणकजी करसेटजी या प्रतिष्ठित पारशी गृहस्थांना प्रवेश नाकारला होता. त्यांनी पॅरिसला जाऊन दीक्षा घेतली, आणि १८४३ साली मुंबईत भारतीयांना दार उघडणारी ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही शाखा निघाली. आतले विधी काय आहेत हे जाणून घेण्यासाठी कोणी तेव्हाचा पॅरिसचा प्रवास करील, असे मला वाटत नाही. वसाहतीच्या मुंबईत एका खोलीत गोऱ्या माणसाच्या बरोबरीने बसता येणे, हे त्या बंद दारामागचे खरे मोल होते आणि ते मागण्यात काही गैरही नव्हते.

सर्व धर्मांतील गूढ ज्ञानाचा शोध घेणाऱ्या थिऑसॉफिकल सोसायटीची मुंबईतील गोष्ट याहून रंगतदार आहे. तिचे संस्थापक हेलेना ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कट १६ फेब्रुवारी १८७९ रोजी मुंबईला उतरले, प्रथम गिरगावात राहिले, मग ब्रीच कँडीला गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी इथून मासिक सुरू केले. हिमालयातील अदृश्य महात्म्यांची पत्रे अचानक छतावरून पडत, कुठून तरी घंटानाद ऐकू येई, आणि शिकलेली मंडळी ते पाहायला येत. पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे ए. ओ. ह्यूमही काही काळ या नादात होते. लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने पाठवलेल्या रिचर्ड हॉजसन यांनी १८८५ साली या चमत्कारांना हातचलाखी ठरवले. त्यांच्या पद्धतीतील उणिवा शंभर वर्षांनी त्याच संस्थेच्या नियतकालिकात दाखवल्या गेल्या, हेही नमूद करायला हवे. अहवालाने संस्था बुडाली नाही. आपला धर्म आणि आपली शास्त्रे यांना गोऱ्या परदेशी लोकांनी वंदन करावे, हे पारतंत्र्यातील सुशिक्षितांना पत्रांच्या खरेखोटेपणापेक्षा अधिक महत्त्वाचे वाटले असणार. १९६६ मध्ये याच शहरात एका हठयोग्याने पाण्यावरून चालून दाखवण्याची घोषणा केली, प्रतिष्ठितांनी महागडी तिकिटे काढली आणि योगीमहाराज पहिल्याच पावलाला हौदात बुडाले. चमत्कारांच्या बाजारावर त्याचाही काही परिणाम झाला नाही.

परिणाम का होत नाही, याचे एक कारण एलियट ॲरन्सन आणि जडसन मिल्स यांच्या १९५९ च्या प्रयोगात सापडते. त्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थिनींना एका चर्चागटात प्रवेश देण्यापूर्वी काहींची लाजिरवाणी परीक्षा घेतली, काहींची सौम्य, तर काहींची घेतलीच नाही. नंतर सर्वांना ऐकवलेली चर्चा मुद्दाम अत्यंत रटाळ ठेवली होती. जिने सर्वांत जास्त संकोच सोसला तिलाच ती सर्वांत चांगली वाटली. सोसलेले वाया गेले असे मानण्यापेक्षा मिळालेले अमूल्य आहे असे मानणे मनाला सोपे जाते. उपास, मौन, देणगी, लांबचा प्रवास आणि ‘कोणाला सांगू नकोस’ असे बजावून दिलेला कानमंत्र यांचा परिणाम या दृष्टीने पाहण्यासारखा आहे.

राहता राहिला प्रश्न ज्ञानप्राप्तीचा. इथे प्रत्यक्ष अनुभव खरा असतो, याबद्दल मेंदूशास्त्राला शंका नाही. माणूस रिकामा बसला असता, स्वतःविषयीच्या विचारांत रमला असता, मेंदूतील काही भागांचे एक जाळे कार्यरत असते. मार्कस रायकल यांनी २००१ साली त्याचे वर्णन केले. अनुभवी ध्यानसाधकांत ध्यानाच्या वेळी या जाळ्याची क्रियाशीलता कमी झालेली आढळते, आणि ‘मी’ विरघळल्याचे जे वर्णन साधक करतात त्याच्याशी हे सुसंगत आहे. अडचण पुढे येते. योखेन गेबाउअर आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ९३ योगाभ्यासींचा पंधरा आठवडे पाठपुरावा केला. अहंकार शमवणे हा ज्या साधनेचा हेतू, तिच्या लगेच नंतर हे लोक ‘मी इतरांपेक्षा सरस आहे’ असे अधिक मानत होते. ध्यान करणाऱ्या १६२ जणांतही तसेच दिसले. रूस व्होंक यांनी नेदरलँड्समध्ये साडेतीन हजारांहून अधिक लोकांना प्रश्नावल्या दिल्या, तेव्हा आध्यात्मिक श्रेष्ठत्वाची भावना सर्वांत जास्त आढळली ती तेजोवलय आणि ऊर्जा ‘वाचण्याचे’ शिक्षण घेतलेल्यांत. साध्या सजगतेचा सराव करणाऱ्यांत ती त्यांच्याहून कमी होती. मुळात असे लोकच अशा शिक्षणाकडे ओढले जातात की शिक्षणामुळे ते तसे होतात, हे एका वेळच्या पाहणीवरून सांगता येत नाही. पतंजलींना मात्र हे नवीन वाटले नसते. योगसूत्रांच्या तिसऱ्या पादात सिद्धींचे वर्णन करता करता त्यांनी बजावले आहे, की व्युत्थित, म्हणजे समाधीतून बाहेर आलेल्या, चित्ताला ज्या सिद्धी वाटतात त्याच समाधीतील विघ्ने आहेत.

या सर्व अभ्यासांत एक उणीव आहे, आणि ती दूर करणे फारसे खर्चिक नाही. साधकाचा अहंकार किती कमी झाला हे बहुतेक वेळा साधकालाच विचारले जाते. व्यक्तिमत्त्वाच्या मापनात सोबत राहणाऱ्यांचे मत घेण्याची पद्धत चांगली रुळलेली आहे, आणि तिच्यासाठी मुंबईइतके सोयीचे शहर शोधून सापडणार नाही. गोराईच्या पॅगोड्यात नियमाने साधनेला जाणाऱ्या माणसाला दहा दिवसांच्या शिबिराआधी आणि नंतर सहा महिन्यांनी अहंकार मोजणारी प्रश्नावली द्यावी, आणि तिचीच दुसरी प्रत, वेगळ्या बंद लिफाफ्यात, दहा बाय बाराच्या खोलीत त्याच्याबरोबर राहणाऱ्या बायकोला, आईला आणि धाकट्या भावाला द्यावी.