पावसाळ्यात रुंदावणारा टीपॉय

मी घरी केलेला पहिला टीपॉय एप्रिलमधल्या एका दुपारी तडकला. आवाज एवढा मोठा होता की खिडकीची काच फुटली असं वाटून मी हॉलमध्ये धावत आलो. टीपॉयवर कुणी बसलं नव्हतं, काही पडलंही नव्हतं. पण सागाच्या फळ्या जोडून केलेल्या टॉपला एका टोकापासून वीतभर भेग गेली होती. फेविकॉलनं जोडलेला सांधा शाबूत होता. फाटली होती ती अख्खी फळी.

टीपॉय केला होता आदल्या ऑगस्टमध्ये, पुण्यात, गॅलरीतल्या माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये. टॉप हलू नये म्हणून खालच्या चौकटीला चहूबाजूंनी स्क्रू मारून घट्ट आवळला होता. चूक नेमकी तिथेच होती.

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. वाळताना आधी पोकळीतलं पाणी जातं. त्यानं लाकूड हलकं होतं, पण आकार बदलत नाही. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्के पाणी उरलं की पोकळ्या रिकाम्या झालेल्या असतात. त्यानंतर भिंतींतलं पाणी जाऊ लागतं, आणि मग लाकूड आकसायला लागतं.

या भिंती सेल्युलोजच्या अतिशय बारीक तंतूंनी विणलेल्या असतात आणि बहुतेक तंतू खोडाच्या लांबीच्या दिशेनं धावतात. कडब्याची पेंढी डोळ्यांसमोर आणा. ताटांच्या मधे पाणी शिरलं तर पेंढी जाड होईल, लांब होणार नाही. लाकडाचंही तसंच. पाण्याचे रेणू तंतूंच्या मधे घुसून त्यांना बाजूला सारतात. म्हणून फळीची रुंदी बदलते, लांबी जवळजवळ तेवढीच राहते.

आणि हे एकदा वाळलं की संपलं, असं नाही. लाकूड शंभर वर्षं जुनं असलं तरी आजूबाजूच्या हवेशी पाण्याची देवघेव चालूच ठेवतं. हवेत ३० टक्के आर्द्रता असेल तर लाकडातलं पाणी हळूहळू ६ टक्क्यांवर येऊन थांबतं; आर्द्रता ८० टक्के असेल तर १६ टक्क्यांच्या आसपास. कोकणातल्या घरांची दारं जुलैत चौकटीत अडकतात आणि दिवाळीनंतर आपोआप सुटतात, ती यामुळेच.

आता माझ्या टीपॉयचा हिशोब. टॉप ६० सेंटिमीटर रुंद होता. घरातल्या लाकडातलं पाणी पावसाळ्यात १४ टक्के आणि उन्हाळ्यात ८ टक्के धरलं, तर सागाचा एवढा टॉप साडेसहा-सात मिलिमीटर आकसतो. त्याच टॉपची एक मीटर लांबी मात्र अर्धा मिलिमीटरही बदलत नाही. म्हणजे चौकटीच्या आडव्या पट्ट्या तेवढ्याच लांब राहिल्या, टॉपला मात्र सात मिलिमीटर आत यायचं होतं आणि स्क्रूंनी त्याला जागीच धरून ठेवलं. लाकूड रेषांच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेनं कितीही मजबूत असलं तरी रेषांना आडवं ताणलं की सहज फाटतं. विळ्यानं बांबू उभा चिरताना हाताला हेच जाणवतं.

फळी कशी कापली आहे यावरही बरंच अवलंबून असतं. वखारीत फळी घेताना तिचं टोक जरूर बघा. वर्षावलयं फळीच्या रुंदीशी समांतर, कमानीसारखी दिसत असतील, तर ती फळी जास्त हलते, म्हणजे फुगते-आकसते. वलयं उभी दिसत असतील, तर साधारण निम्मीच. खोडाच्या गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्या त्या दिशेला लाकूड बांधून ठेवतात, हे त्याचं एक मोठं कारण. कमानीची फळी वाळताना वाकतेही. तिच्या कडा सालीच्या बाजूला उचलल्या जातात, जणू वलयं सरळ व्हायला बघतात. सागाचं महत्त्व त्याच्या रंगापेक्षा मला इथे जास्त वाटतं: पुष्कळ लाकडांच्या मानानं तो कमी आकसतो.

पॉलिश मारून हा प्रश्न सुटत नाही. त्यानं ओलावा येण्या-जाण्याचा वेग कमी होतो, एवढंच. प्लायवुड मात्र फारसं हलत नाही, कारण त्यातले पातळ थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात आणि प्रत्येक थर शेजारच्याला आवरतो.

दुसऱ्या टीपॉयला मी वेगळी पद्धत वापरली. चौकटीच्या पट्ट्यांना आतून खाच पाडली आणि इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचे छोटे लाकडी तुकडे केले. तुकड्याची जीभ खाचेत सरकवायची आणि स्क्रू फक्त टॉपला मारायचा. टॉप खाली घट्ट धरलेला राहतो, पण रुंदीत मोकळा असतो. लांब बाजूंच्या तुकड्यांना पट्टीपासून चार मिलिमीटर फट ठेवली. आखूड बाजूंचे तुकडे खाचेतून आडवे सरकतात. जुने सुतार दाराची चौकट करून मधली फळी गोंद न लावता खाचेत नुसती बसवत, त्यामागेही हाच विचार आहे. त्या माणसांनी सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहिल्या नसतील, पण लाकडाचा स्वभाव त्यांना पुरता ठाऊक होता.

मे महिन्यात मी लांब बाजूच्या एका तुकड्याच्या जिभेवर, पट्टीला लागून, पेन्सिलची बारीक रेघ मारली. ऑगस्टच्या मध्यावर टॉर्च घेऊन खाली वाकून पाहिलं. रेघ खाचेच्या आत गेली होती.