मंगळावरचा जेक

सप्टेंबर २०१२. क्युरिऑसिटी रोव्हरला मंगळावर उतरून सहा-सात आठवडे झाले होते. वाटेत एक काळसर दगड लागला. पिरॅमिडसारखा टोकदार, वीतभर उंच, पायथ्याशी जवळजवळ हातभर रुंद. रोव्हर थांबला, त्यानं आपला यांत्रिक हात लांब केला आणि हाताच्या टोकाची उपकरणं दगडाला टेकवली. हात लावून तपासलेला हा त्याचा पहिलाच दगड. चमूनं त्याचं नाव ठेवलं 'जेक मॅटिजेविक'.

जेक मॅटिजेविक हे या रोव्हरच्या मंगळावरच्या कामकाजाची यंत्रणा सांभाळणारे मुख्य अभियंता. १९९७ मध्ये मंगळावर फिरलेला छोटासा सोजर्नर, मग स्पिरिट आणि ऑपर्च्युनिटी, आणि शेवटी क्युरिऑसिटी, या चारही रोव्हरांना त्यांचा हात लागलेला. क्युरिऑसिटी उतरला ६ ऑगस्टला आणि २० ऑगस्टला मॅटिजेविक गेले. आपला रोव्हर सुखरूप उतरल्याचं त्यांनी पाहिलं, पण पहिल्या दगडाला हात लागलेला मात्र त्यांना पाहता आला नाही.

रोव्हर चालवणारी मंडळी अशी नावं शेकडो दगडांना देतात. आज कोणत्या दगडाविषयी बोलायचंय ते सगळ्यांना कळावं, एवढाच त्यामागचा हेतू असतो. पण या दगडाची गोष्ट तिथं संपली नाही. हा साधा बेसाल्ट निघेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात त्यात सोडियम आणि पोटॅशियम भरपूर, तर मॅग्नेशियम आणि लोह कमी निघालं. पृथ्वीवर असे खडक महासागरातल्या ज्वालामुखी बेटांवर किंवा भूखंड जिथं फाटतं तिथं, तेही क्वचित सापडतात. मंगळावर असा खडक तोवर कुणी पाहिला नव्हता. पुढच्या वर्षी त्यावर शोधनिबंध आला आणि 'जेक एम' हे नाव भूशास्त्रज्ञांच्या तक्त्यांत जाऊन बसलं. तिकडे मंगळाच्या दुसऱ्या बाजूला ऑपर्च्युनिटी ज्या टेकडीवर चिकणमातीची खनिजं शोधत होता, तिलाही त्याच्या चमूनं मॅटिजेविक टेकडी म्हणायला सुरुवात केली होती.

अवकाश क्षेत्रात पदकं, मानचिन्हं, मानद सदस्यत्वं यांची वाण नाही. तरी माणसानं आयुष्यभर जे केलं त्याच्या जितका जवळ जाईल तितका बहुमान मोठा, असं मला वाटतं. त्या हिशेबानं वीतभर उंचीचा तो दगड बऱ्याच सुवर्णपदकांना भारी पडतो.

पदकांची एक अडचण आहे. अवकाशयान कधीच एकट्याचं नसतं आणि पदकाच्या मागे नाव कोरायला जागा थोडी. नोबेलचा नियम तर सर्वांना ठाऊक आहे: एका वर्षी एका विषयात तिघांपेक्षा जास्त मानकरी नाहीत. २००६ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जॉन माथर आणि जॉर्ज स्मूट यांना मिळालं, कोबी या उपग्रहाच्या कामासाठी. महास्फोटानंतर विश्वात उरलेल्या उष्णतेचं मोजमाप या उपग्रहानं केलं. १९९० च्या जानेवारीत माथर यांनी त्याचा पहिला आलेख खगोलशास्त्रज्ञांच्या सभेत दाखवला. मोजलेले बिंदू सिद्धान्ताच्या वक्ररेषेवर असे तंतोतंत बसले होते की सभागृह उठून उभं राहिलं आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पण या उपग्रहावर हजाराहून अधिक लोक राबले होते. आधी तो स्पेस शटलमधून जायचा होता. १९८६ मध्ये चॅलेंजरचा अपघात झाला आणि उपग्रह नव्यानं आखावा लागला. डेल्टा रॉकेटवर मावावा म्हणून त्याचं वजन जवळपास निम्म्यावर आणलं गेलं. ते ज्यांनी आणलं, त्यांची नावं नोबेलच्या यादीत नाहीत, नियमानं असूही शकत नाहीत.

म्हणून मला कॉलियर करंडकाची पद्धत आवडते. अमेरिकेत १९११ पासून दिला जाणारा हा विमानविद्येतला जुना बहुमान अलीकडे बहुधा पूर्ण चमूलाच मिळतो. २०१२ च्या कामगिरीसाठी तो क्युरिऑसिटीच्या चमूला गेला. पुढे २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षं अवकाशवाल्यांनीच तो पटकावला: इन्जेन्युइटी हेलिकॉप्टर, जेम्स वेब दुर्बीण, लघुग्रहावरून माती आणणारं ओसायरिस-रेक्स आणि सूर्याजवळ जाणारं पार्कर यान. वेब दुर्बिणीच्या चमूत ज्येष्ठ प्रकल्प शास्त्रज्ञ होते तेच जॉन माथर. नोबेल दोघांत वाटून घेतलेल्या या माणसाच्या वाट्याला इथं हजारोंतला एक होण्याचा मान आला.

इन्जेन्युइटीचं कौतुक आणखी एका तऱ्हेनं झालं. हे हेलिकॉप्टर १.८ किलोचं. मंगळाची हवा पृथ्वीच्या मानानं सुमारे एक टक्का दाट, त्यामुळे पाती मिनिटाला अडीच हजारांच्या आसपास फेऱ्या घेतील तेव्हा कुठं ते उचललं जाणार. १९ एप्रिल २०२१ रोजी ते ३ मीटर वर गेलं, ३९ सेकंद हवेत राहिलं आणि खाली उतरलं. परग्रहावरचं हे पहिलं नियंत्रित उड्डाण. नागरी विमान वाहतुकीचे संकेत ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं त्याला विमान कंपन्यांना देतात तसा अधिकृत संकेत बहाल केला, आणि जेझेरो विवरातल्या त्या धावपट्टीला विमानतळासारखा चार अक्षरी संकेतही. हेलिकॉप्टरच्या सौरपट्टीखाली राइट बंधूंच्या १९०३ च्या विमानाच्या कापडाचा टपाल तिकिटाएवढा तुकडा बांधलेला होता. मंगळावर हेलिकॉप्टर उडवण्याची कल्पना त्याचे मुख्य अभियंता बॉब बलराम यांनी १९९० च्या दशकातच मांडली होती. ती तेव्हा मागे पडली. पाच उड्डाणांच्या बेतानं गेलेलं यंत्र जानेवारी २०२४ पर्यंत ७२ वेळा उडालं.

गौरव यंत्राचा होतो तेव्हा त्यामागची माणसं सुखावतात, हे रोबोटवाल्यांचं वैशिष्ट्य. कार्नेगी मेलन विद्यापीठानं २००३ मध्ये रोबोटांचं गौरवदालन सुरू केलं. पहिल्या मानकऱ्यांत कारखान्यात राबणारा पहिला रोबोट युनिमेट होता आणि सोजर्नरही. सोजर्नर सात दिवसांसाठी पाठवला होता, तो ८३ मंगळदिवस चालला.

काहींच्या नशिबी मान होता, पण नाव नव्हतं. स्पुटनिक आणि गागारिन यांच्या उड्डाणांमागचे सोव्हिएत मुख्य अभियंता सर्गेई कोरोल्योव यांना देशाचे सर्वोच्च किताब दोनदा मिळाले, पण त्यांची ओळखच गुपित होती. वर्तमानपत्रात लिहायचे तेही टोपणनावानं. जगाला त्यांचं नाव कळलं ते जानेवारी १९६६ मध्ये, त्यांच्या मृत्यूची बातमी छापून आली तेव्हा. आज मंगळावर कोरोल्योव नावाचं ८२ किलोमीटर रुंदीचं विवर आहे, बर्फानं काठोकाठ भरलेलं. चंद्राच्या पलीकडच्या बाजूलाही त्यांच्या नावाचं प्रचंड विवर आहे. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटना अशा विवरांना हयात माणसांची नावं देत नाही. माणूस जाऊन किमान तीन वर्षं व्हावी लागतात.

युजीन पार्कर यांना मात्र जिवंतपणी हे भाग्य लाभलं. सूर्यापासून कणांचा वारा सतत वाहतो, हे त्यांनी १९५८ मध्ये गणितानं मांडलं. दोन्ही परीक्षकांनी निबंध नाकारला. नियतकालिकाचे संपादक होते सुब्रह्मण्यन चंद्रशेखर. त्यांनाही कल्पना पटलेली नव्हती, पण गणितात चूक काढता येईना, म्हणून त्यांनी निबंध छापला. काही वर्षांत यानांनी तो वारा प्रत्यक्ष मोजला. २०१७ मध्ये नासानं सूर्याकडे जाणाऱ्या यानाला पार्कर यांचं नाव दिलं. हयात व्यक्तीचं नाव यानाला देण्याची नासाची ही पहिलीच वेळ. १२ ऑगस्ट २०१८ च्या पहाटे ९१ वर्षांचे पार्कर आपल्याच नावाचं यान उडताना पाहायला हजर होते. यानावरच्या मेमरी कार्डात १९५८ चा तो नाकारलेला निबंधही आहे.

थॉमस मच यांची गोष्ट उरली. व्हायकिंग-१ हा लँडर २० जुलै १९७६ ला मंगळावर उतरला आणि काही क्षणांत त्यानं छायाचित्र घ्यायला सुरुवात केली: बारीक खडे, धूळ आणि कोपऱ्यात लँडरचं स्वतःचं पाऊल. मंगळाच्या जमिनीवरून आलेलं ते पहिलं स्पष्ट छायाचित्र. ते टिपणाऱ्या कॅमेऱ्यांच्या चमूचे प्रमुख होते भूशास्त्रज्ञ मच. ते गिर्यारोहकही होते. ऑक्टोबर १९८० मध्ये हिमालयातल्या नून शिखरावरून उतरताना ते नाहीसे झाले. पुढच्या जानेवारीत नासानं त्या लँडरला 'मच स्मृती स्थानक' असं नाव दिलं आणि त्याची एक पाटीही तयार केली. मंगळावर माणूस जाईल तेव्हा ती तिथं नेऊन लँडरवर बसवायची, असं ठरलं. लँडर १९८२ च्या नोव्हेंबरपासून गप्प आहे. पाटी अजून संग्रहालयातच आहे.