ट्रेलर लहरतो कशाने, आणि हिच कोणता घ्यावा

सोयाबीनच्या हंगामात इंदूरच्या छावणी मंडीकडे येणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे थोडा वेळ गाडी ठेवून बघा. खड्डा चुकवायला ट्रॅक्टर जरा वळला की ट्रॉलीचं मागचं टोक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जातं आणि निमूट सरळ होतं. वेग ताशी 25-30 किलोमीटर असल्यामुळे हे निभावतं. ताशी 100 च्या वेगाला हेच डोलणं विरण्याऐवजी वाढत जाऊ शकतं आणि ट्रेलरसकट ओढणारी गाडीही आडवी करू शकतं.

अमेरिकेत पिकअप किंवा एसयूव्हीमागे ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे चाकांवरचं छोटंसं घर, जोडून सुट्टीवर निघणारी कुटुंबं पुष्कळ. ओहायोत राहणाऱ्या माझ्या भाचीने असाच एक ट्रेलर घेतला आणि फोनवर विचारलं, "मामा, लहरणं रोखणारा हिच कोणता घेऊ?" हिच म्हणजे ट्रेलर गाडीला अडकवायचा सांधा. मी म्हटलं, "ते सांगतो, पण आधी सांग, तू ट्रेलरमध्ये जड सामान कुठे ठेवतेस?"

या प्रश्नाचं कारण टायरमध्ये आहे. ट्रेलरचं टोक आडवं सरकू लागलं की टायर थोडा तिरका घासला जातो, आणि या तिरपेपणामुळे रस्ता त्याला उलट दिशेने रेटतो. डोलणं विरतं ते या रेट्याने. समजा टोक सेकंदाला 1 मीटर या गतीने आडवं सरकतंय. ताशी 30 किलोमीटरला टायरचा तिरपा कोन जवळपास 7 अंश होतो, ताशी 100 ला जेमतेम 2 अंश. म्हणजे वेग वाढला की डोलणं विरवणारा जोरच उरत नाही. एका ठरावीक वेगापलीकडे तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो. झोपाळ्याला कुणीतरी लय साधून रेटा देत राहावं तसा. शेजारून मोठा ट्रक सुसाट गेला, त्याच्या हवेचा धक्का बसला, की सुरुवात व्हायला तेवढं पुरतं. दोष मोठ्या वेगालाच उघडे पडतात, म्हणून वाहनांच्या चाचण्यांना लांबलचक ट्रॅक लागतात. आपल्या पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राचा 11.3 किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक 2021 मध्ये सुरू झाला, तो अशाच कामांसाठी.

आता सामान. ट्रेलरच्या आसापासून 1 मीटरवर ठेवलेली 50 किलोची पेटी आणि 3 मीटरवर, अगदी मागच्या टोकाला टांगलेल्या 50 किलोच्या सायकली यांत फिरण्याच्या जडत्वाचा फरक नऊपट आहे, कारण अंतराचा वर्ग होतो. एकदा डोलायला लागलेलं असं टोक आवरायला फार जड जातं. शिवाय मागे भार टाकला की पुढचा दांडा गाडीवर कमी टेकतो. अमेरिकी ट्रेलरच्या एकूण वजनाचा 10 ते 15 टक्के भार हिचच्या गोळ्यावर, म्हणजे ट्रेलरचा दांडा जिथे टेकतो तिथे, यायला हवा. 2,500 किलोच्या ट्रेलरला तो 250 ते 375 किलो झाला.

हा भार मोजायला काट्यावर जावं. ट्रेलर सोडून गाडी तोलली, 2,600 किलो. ट्रेलर जोडला, त्याची चाकं काट्याबाहेर ठेवली, हिचला स्प्रिंगचे दांडे असतील तर (त्यांचं काम पुढे सांगतो) ते सैल सोडले आणि गाडी पुन्हा तोलली, 2,890. गोळ्यावर 290 किलो आहेत. पाण्याची टाकी भरलेली असताना आणि रिकामी असताना, दोन्ही वेळा मोजावं. टाकी कुठे बसवली आहे त्यावर हा आकडा चांगलाच हलतो.

हे 290 किलो गाडीच्या मागच्या आसाच्याही मागे, समजा 1.2 मीटरवर लटकतात. दोन आसांत 3 मीटर अंतर धरलं, तर पुढची चाकं 116 किलोंनी हलकी होतात आणि स्टीअरिंगची पकड सैलावते. वेट डिस्ट्रिब्यूशन, म्हणजे भार वाटणारा, हिच नेमकं हे सावरतो. त्याचे स्प्रिंगचे दोन दांडे तरफेसारखे ताणून काही भार पुढच्या चाकांवर आणि ट्रेलरच्या आसावर परत ढकलतात.

लहरणं रोखण्याची सोय याच्या जोडीला येते. सर्वांत स्वस्त म्हणजे घर्षणाचा सुटा बार. तो सांध्याला आवळून धरतो, पण त्याचं घर्षण हेलकाव्याबरोबर वाढत नाही, त्यामुळे मोठ्या धक्क्यापुढे हरतो. पावसात कमजोर पडतो, आणि बरेच उत्पादक रिव्हर्स घेण्याआधी तो काढायला सांगतात. युरोपात घर्षणाचे पॅड थेट 50 मिलिमीटरच्या गोळ्यालाच आवळतात. तिथे गोळ्यावर ग्रीसचा लवलेश चालत नाही. चार ठिकाणी घर्षण देणारा हिच मला मध्यम ट्रेलरसाठी सगळ्यांत पटतो: भार वाटणारे दांडेच दोन्ही बाजूंच्या कंसांवर घासतात, काही काढावं-घालावं लागत नाही. दोन कॅमचा, म्हणजे खाचेत बसणाऱ्या दोन उंचवट्यांचा, प्रकारही चांगला. सरळ जाताना कॅम खाचेत बसून राहतात, वळणावर वर चढतात. बसवण्यात मात्र चोख माप लागतं.

हेन्स्ले आणि प्रोप्राइड या कंपन्यांचे हिच वेगळ्याच वाटेने जातात. चार सांध्यांच्या जोडणीमुळे ट्रेलर गोळ्याभोवती न फिरता गाडीच्या मागच्या आसाजवळच्या एका काल्पनिक बिंदूभोवती फिरल्यासारखा वागतो. गाडीला मागून ढकलायला 1.2 मीटरचा दांडाच उरत नाही. किंमत आणि वजन दोन्ही भरपूर. लांब ट्रेलर आणि तुलनेने आखूड गाडी असेल तर ते पैसे वाया जाणार नाहीत. भाचीचा ट्रेलर तसा नाही, तिला मी चार ठिकाणच्या घर्षणाचाच घ्यायला सांगितलं, तेही तिने ट्रेलरच्या मागे टांगलेल्या सायकली काढल्यावर. गाडीची ओढण्याची मर्यादा कोणताही हिच वाढवत नाही, हेही बजावलं.

तरीही कधी ट्रेलर लहरलाच तर स्टीअरिंग सरळ धरून पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा. गाडीचा ब्रेक जोरात दाबला तर भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात आणि ट्रेलर त्यांनाच ढकलतो. वेग वाढवून तो सरळ करू पाहणं तर फारच धोक्याचं. डॅशबोर्डजवळ ट्रेलरचे ब्रेक चालवणारा ब्रेक कंट्रोलर असतो, त्याला एक छोटी खिट्टी असते; ती हाताने सरकवली की फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात, ट्रेलर मागून ओढ देतो आणि सगळी जोडी ताणून सरळ होते. ही खिट्टी न बघता सापडली पाहिजे, म्हणून रिकाम्या रस्त्यावर, कमी वेगात, आधीच दाबून बघून ठेवावी.