सर्पदंशाचं पान, फोनवर

सर्पदंशाची माहिती देणारं संकेतस्थळ मोबाइलसाठी बदलायचं ठरलं, की चर्चा अक्षरं केवढी आणि चित्रं केवढी इथूनच सुरू होते. मला वाटतं, आधी ते पान उघडणारा माणूस कुठे उभा आहे ते बघावं. तो अंगणात किंवा बांधावर असतो, रात्रीचा, एका हातात बॅटरी आणि दुसऱ्यात फोन, रेंजची एखादीच काडी. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं दगावली असा संशोधकांचा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यांतली.

संगणकासाठी लिहिलेलं पान नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांच्या वर्णनाने सुरू होतं. मग विषाचे प्रकार येतात. 'काय करावं' ते पार तळाशी. मोठ्या पडद्यावर हे चालून जातं, कारण बाजूची अनुक्रमणिका समोरच दिसते. फोनवर तीच अनुक्रमणिका तीन आडव्या रेघांमागे दडते. म्हणून पहिल्याच पडद्यावर, बोट न सरकवता, एवढं दिसायला हवं: रुग्णाला धीर द्या, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, अंगठ्या-बांगड्या काढा, आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका, लगेच प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्या. त्याखाली १०८ चं ठळक बटण, दाबताच फोन लावणारं. नुसता आकडा छापला तर तो लक्षात ठेवून पुन्हा दाबावा लागतो, आणि थरथरत्या हातांना तेवढंही जड जातं. बटणही निदान ९ मिलिमीटरचं असावं. बोटाचं टोक काही संगणकाच्या माउसच्या बाणासारखं टोकदार नसतं.

जुनी पानं फोनवर मुंगीच्या अक्षरांत का दिसतात? २००७ साली आयफोन आला तेव्हा बहुतेक पानं संगणकाच्या रुंदीची होती. ती मोडू नयेत म्हणून त्याचा ब्राउझर 'माझा पडदा ९८० पिक्सेल रुंद आहे' असं पानाला भासवायचा आणि सगळं आक्रसून दाखवायचा. पानाने वेगळं सांगितलं नाही, तर आजचे फोनही हेच करतात. साध्या अँड्रॉइड फोनची रुंदी हिशेबात बहुधा ३६० पिक्सेल धरली जाते, म्हणजे १६ पिक्सेलचं अक्षर सहाच्याही खाली उतरतं. 'फोनची खरी रुंदी धर' असं सांगणारी एक ओळ पानाच्या सुरुवातीला घातली की हे थांबतं, पण मग मांडणीही त्या रुंदीत मावायला हवी. ईथन मार्कॉट यांनी २०१० मध्ये त्याची रीत मांडली: रुंदी टक्क्यांत मोजायची, चित्रं जागेप्रमाणे लहान होऊ द्यायची, जागा अपुरी पडली की रकाने एकाखाली एक लावायचे.

मराठीला एवढं पुरत नाही. 'सर्पदंश'चा रफार रेघेच्या वर जातो, 'मृत्यू'चा ऋकार आणि ऊकार खाली. इंग्रजीच्या मापाने ओळी जवळ आणल्या, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. शिवाय संगणकाच्या साठवणीत साध्या इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. 'साप' म्हणजे स, काना आणि प, एकूण ९ बाइट. हे ऐकून कुणी घाबरू नये. या तिनांतले पहिले दोन बाइट सतत तेच ते येतात, त्यामुळे पाठवताना मजकूर छान दाबला जातो, म्हणजे कमी बाइटांत मावतो. पान पुरवणारा संगणक, म्हणजे सर्व्हर, फोनच्या उत्तराची वाट न बघता पहिल्या फेरीत साधारण १४ किलोबाइट पाठवू शकतो, आणि प्रथमोपचाराचा दाबलेला मजकूर त्यात आरामात बसतो. खरं ओझं शोभेच्या फॉन्टचं आणि छायाचित्रांचं असतं. या पानाला फोनमधलाच फॉन्ट वापरावा, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात वाईट सवय म्हणजे सूचनांचा तक्ता चित्र करून टाकणं. तो शोधात सापडत नाही, मोठा केला की ओळी पडद्याबाहेर जातात, आणि वाचता न येणाऱ्याला फोन तो वाचूनही दाखवू शकत नाही.

एकदा उघडलेलं पान फोनमध्येच साठून राहील अशी सोय आता सहज करता येते. पावसाळ्याआधी गावातल्या आशाताईंनी ते एकदा उघडून ठेवलं, तर रेंज नसतानाही उघडेल. १०८ ला मात्र रेंज लागतेच. म्हणून त्याच पानावर प्रतिविष असलेल्या जवळच्या रुग्णालयाचं नाव आणि तिथवरचा रस्ता शब्दांत लिहिलेला असावा, नकाशाच्या दुव्यात नव्हे.