चित्रपट-शिबिर (मराठवाडा)

चित्रपट-शिबिर : अनुभवी दिग्दर्शक, छायालेखक, संकलक किंवा पटकथाकार यांनी तरुणांना हाताशी घेऊन, लघुपट काढता काढता दिलेले शिक्षण. ‘कार्यशाळा’ हा शब्दही त्याच अर्थी सर्रास चालतो. ‘रसास्वाद वर्ग’ मात्र वेगळा. तेथे चित्रपट पाहायला शिकवतात, काढायला नाही.

उगम : याविषयी दोन मते मांडली जातात. एका मताने ही पद्धत पुण्याहून आली. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट स्थापन झाली, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले आणि सतीश बहादूर यांनी तेथे रसास्वादाच्या अध्यापनाचा पाया घातला. तेथे शिकलेल्यांनी तोच धडा पुढे जिल्ह्याच्या गावी नेला, असे हे म्हणणे. दुसरे मत रंगभूमीकडे बोट दाखवते. औरंगाबादच्या (आता छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालयात विद्यार्थ्यांकडून नाटक करून घेण्याची परंपरा म. भि. चिटणीस यांच्या ‘युगयात्रा’पर्यंत, म्हणजे पन्नाशीच्या दशकापर्यंत मागे जाते. मराठवाडा विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ रोजी स्थापन झाले. तेथील नाट्यशास्त्र विभागाला कमलाकर सोनटक्के यांच्यासारखे राष्ट्रीय नाट्य विद्यालयात घडलेले शिक्षक लाभले. याच शहरात चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची ‘जिगीषा’ ही नाट्यसंस्था रुजली. कुलकर्णी पुढे चित्रपटाकडे वळले (‘बिनधास्त’, १९९९). पहिले मत अभ्यासक्रमापुरते खरे असावे. शिबिराची रीत मात्र तालमीचीच दिसते : गोल बसणे, एकमेकांचे प्रवेश वाचणे, शिक्षकाने मध्येच थांबवून ‘परत घ्या’ म्हणणे.

स्वरूप : शिबिरांत या वारशाचे गुण आणि दोष दोन्ही उतरले आहेत. नाटकातून आलेली मुले संवादात तरबेज, पण कॅमेऱ्याच्या चौकटीत अवघडतात; शेवटच्या रांगेला ऐकू जावे म्हणून कमावलेला आवाज क्लोजअपमध्ये ओरडल्यासारखा वाटतो. म्हणून पहिला स्वाध्याय बहुधा मुका असतो. उदा., हातपंप, रिकामी घागर आणि वाट पाहणारे एक माणूस, एवढ्यावर तीन शॉटांत गोष्ट सांगायची. संवादाची पाळी नंतर येते. कागदावर ‘तू कुठे गेला होतास?’ असे उतरते, शिक्षक ‘घरी आजी कसं विचारते?’ म्हणतात, आणि वर्ग हसत हसत ‘कुठं गेल्तास रं?’वर येतो. प्रमाणभाषेचा धाक इथे जितका सुटतो तितका महाविद्यालयाच्या वर्गात क्वचितच सुटत असेल.

तंत्राचा एक मुद्दा नवख्यांना हटकून अडवतो. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची. चोकवर चालणारी ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा उजळते व मंदावते. डोळ्याला ते दिसत नाही, मोबाइलला दिसते. फोन बहुधा सेकंदाला ३० चौकटी (फ्रेम) टिपतो आणि शटर (एका चौकटीसाठी उजेड आत घेण्याचा वेळ) १/६० सेकंदावर गेले की प्रत्येक चौकटीत उजेडाचे पुरे ठोके मावत नाहीत. पडद्यावर काळसर पट्टे सरकू लागतात. शटर १/५० सेकंदावर पक्के केले की प्रत्येक चौकटीला बरोबर दोन ठोके मिळतात आणि पट्टे जातात. चौकटी २५ ठेवण्याची शिफारसही होते, पण खरे काम शटरचे. दोष कॅमेऱ्याचा समजून नवा फोन मागणारा विद्यार्थी जवळजवळ प्रत्येक तुकडीत निघतो. ध्वनीची अडचण याहून मोठी, कारण ती संकलनात सुधारता येत नाही. शेतातल्या चित्रीकरणात वारा आणि दूरची मोटर माइकमध्ये शिरते. काठीला बांधलेला दुसरा फोन पात्राच्या डोक्यावर, चौकटीबाहेर धरून संवाद वेगळा नोंदवणे आणि टाळीच्या ठोक्यावर चित्राशी जुळवणे हा त्यावरचा उपाय.

संस्था : नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात (स्था. १९९४) माध्यमशास्त्र संकुल आहे, नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे जिल्हे त्या विद्यापीठाकडे येतात. छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाची दहावी आवृत्ती जानेवारी २०२५ मध्ये झाली. त्यातील सुवर्ण कैलास पुरस्कार वेरूळच्या लेण्याचे नाव वागवतो. दिग्दर्शकांशी थेट बोलण्याची संधी तेथे मिळते, पण ऐकणे आणि काढणे यांत अंतर आहे. महोत्सवातील व्याख्यानाला शिबिर म्हणू नये. फिल्म इन्स्टिट्यूटने २०१७ पासून पुण्याबाहेर अल्पमुदतीचे अभ्यासक्रम घेण्यास आरंभ केला.

विभागाबाहेरचे, तरी शिबिरांतून वारंवार दिले जाणारे उदाहरण दिग्दर्शक नागराज मंजुळे यांचे. बीडला लागून असलेल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात संज्ञापनाचे (मास कम्युनिकेशन) शिक्षण घेताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला पदार्पणाच्या दिग्दर्शनासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मंजुळे स्वतः करमाळा तालुक्यातील जेऊरचे, म्हणजे सोलापूर जिल्ह्याचे. त्यांना मराठवाड्यात धरण्याची चूक अधूनमधून होते.