एका फांदीवरचे तीन पिंगळे आणि स्पष्टतेचे गणित

सोलापूरच्या आसपास, शेताच्या बांधावरील जुन्या कडुनिंबात किंवा चिंचेत, पिंगळ्याची जोडी सापडणे फारसे अवघड नाही. जेमतेम २१ सेंटिमीटर लांबीचे हे घुबड दिवसाही ढोलीच्या तोंडाशी बसलेले दिसते, आणि पिल्ले बाहेर पडू लागली की एकाच फांदीवर तिघे-चौघे शेजारीशेजारी बसतात. छायाचित्रकाराची अडचण इथेच सुरू होते. एकाचे पिवळे डोळे रेखीव येतात आणि शेजारच्याचा चेहरा धूसर राहतो.

लेन्स नेमक्या एकाच अंतरावरचे दृश्य पूर्ण स्पष्ट करते. त्याच्या थोडे मागेपुढे असलेले आपल्याला स्पष्ट भासते, इतकेच. फुल फ्रेम (३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरचा) कॅमेरा, ५०० मिलिमीटरची लेन्स, एफ/५.६ छिद्र आणि १० मीटर अंतर धरले, तर हा पट्टा सुमारे १३ सेंटिमीटर जाडीचा भरतो. छिद्र लहान करून एफ/११ केल्यास तो जवळपास दुप्पट होतो, पण प्रकाश एक चतुर्थांशच उरतो आणि सांजवेळी शटर मंद करावे लागते. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नसल्यामुळे ते सारखी मान वळवते, आणि मंद शटरवर चित्र धूसर व्हायला तेवढी हालचालही पुरते.

म्हणून आधी जागा बदलून पाहावी. ४० सेंटिमीटरमध्ये बसलेल्या पिंगळ्यांची फांदी कॅमेऱ्याला समांतर नसून ४५ अंशांनी मागे वळलेली असेल, तर त्यांच्यात सुमारे २८ सेंटिमीटर खोलीचा फरक पडतो. बाजूला सरकून हा कोन १५ अंशांवर आणला की तोच फरक दहा-साडेदहा सेंटिमीटरवर येतो आणि तिघेही त्या अरुंद पट्ट्यात मावतात. माझ्या मते कोणत्याही सॉफ्टवेअरपेक्षा ही चार पावले मोलाची आहेत. मात्र पक्षी आपल्याकडे रोखून पाहत डोके खालीवर करू लागला, तर तो अस्वस्थ झाला आहे असे समजून मागे हटावे. फ्लॅश आणि ध्वनिमुद्रित आवाज तर वापरूच नयेत.

फांदी अशी सापडलीच नाही, तर ट्रायपॉडवरून प्रत्येक पक्ष्यावर वेगळा फोकस करून घेतलेल्या फ्रेम नंतर जोडता येतात. डुलक्या घेणाऱ्या पिंगळ्यांवर हे जमते. तरीही दोन तांत्रिक अडथळे उरतात: फोकस बदलताना अनेक लेन्समध्ये प्रतिमेचा आकार किंचित बदलतो, आणि मागच्या पक्ष्यावर फोकस असताना पुढच्याची धूसर कडा पसरून त्याचा थोडा भाग झाकते. जोडकाम उघडे पडते ते बहुधा याच कडेवर.

शार्पनिंगने, म्हणजे संगणकावर चित्र रेखीव करून, धूसर राहिलेला तपशील परत मिळतो हा गैरसमज मोठा आहे. शार्पनिंगच्या जुन्या आणि अजूनही रूढ पद्धतीत प्रतिमेची धूसर प्रत काढतात, मूळ प्रतिमेतून ती वजा करतात आणि उरलेला फरक मूळ प्रतिमेत मिळवतात. त्यामुळे कडेची उजळ बाजू अधिक उजळ आणि काळी बाजू अधिक काळी होते. न टिपलेले पीस त्यातून उगवत नाही. संपूर्ण चित्रावर एकच मात्रा लावली, तर स्पष्ट पक्ष्याभोवती पांढरी रेघ उमटते आणि मागच्या आकाशात दाणे उठतात. त्यापेक्षा प्रत्येक पिंगळ्यासाठी वेगळा मास्क (परिणाम चित्राच्या ठरावीक भागापुरता ठेवणारा मुखवटा) करावा: स्पष्ट आलेल्याला लहान त्रिज्या (कडेभोवतीचा किती रुंद पट्टा बदलायचा ते माप) व हलकी मात्रा, किंचित धूसर असलेल्याला थोडी मोठी त्रिज्या, आणि पार्श्वभूमीला काहीच नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी साधने पिसांचे तपशील अंदाजाने भरू शकतात; पक्ष्याची ओळख पटवण्यासाठी तसे चित्र वापरणे धोक्याचे आहे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट आडवी येते. चाळिशी ओलांडलेल्या दुपारी तापलेल्या माळावरची हवा थरथरते, आणि लांबच्या घुबडाचे चित्र फोकस अचूक असूनही लिबलिबीत येते. अशा चित्राला शार्पनिंग केले, तर वाकड्या झालेल्या कडाच ठळक होतात. नान्नजच्या माळरानावर काय किंवा गावाजवळच्या बांधावर काय, यावर उपाय एकच: उन्हे चढण्यापूर्वी पोहोचावे आणि पक्षी विचलित होणार नाही इतपतच अंतर कमी करावे.