हातोडी सुटल्यावर

आर्तुरो बेनेदेत्ती मिकेलांजेली या इटालियन पियानोवादकाने वाजवलेलं देबुसी या फ्रेंच संगीतकाराचं संगीत लागलं की माझ्या एका मित्राचं वाक्य ठरलेलं असतं: "हा पट्ट्या दाबतच नाही रे, थेट तारा कुरवाळतो." मित्र कानाचा पक्का आहे. पण पियानोत तारा कुरवाळता येत नाहीत. आत काय चालतं ते पाहिलं, तर या वादकाचं कौतुक कमी होण्याऐवजी वाढेल असं मला वाटतं.

पियानोची पट्टी जेमतेम १ सेंटिमीटर खाली जाते. तेवढ्या हालचालीवर आतल्या तरफा नमद्याने मढवलेली हातोडी साडेचार सेंटिमीटर वर उडवतात. मात्र तार दोनेक मिलिमीटरवर आली की तरफ हातोडीला सोडून देते. उरलेलं अंतर हातोडी गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी एकटीच जाते, काही सहस्रांश सेकंद तारेला भिडते आणि मागे येते. त्यानंतर वादकाने पट्टी कितीही रगडली, मनगट लाटेसारखं फिरवलं, डोळे मिटून मान मागे टाकली, तरी त्या दगडाला काय कळणार? वादकाच्या हाती असतो तो फक्त सुटतानाचा वेग.

बरं, वेग बदलून आवाजाचा पोतही स्वतंत्रपणे बदलता येत नाही. हातोडी हळू आदळली तर नमदा मऊ राहतो आणि उपस्वर (मूळ स्वरासोबत निघणारे वरचे स्वर) कमी निघतात. जोरात आदळली तर तो दबून कडक होतो आणि झगझगीत उपस्वर उसळतात. थोडक्यात, मोठा आवाज आणि चकचकीत आवाज एकाच दाव्याला बांधलेले. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ सर जेम्स जीन्स यांनी १९३७ साली लिहून टाकलं, की एकच स्वर वाजवायचा तर पट्टी बोटाने दाबा नाहीतर छत्रीच्या टोकाने, जोर तोच असेल तर फरक नाही. पियानोवादकांनी त्यांना अजून माफ केलेलं नाही.

आणि नेमकं याच यंत्रासाठी क्लोद देबुसीने (१८६२–१९१८) धुकं, पाण्यातली प्रतिबिंबं आणि बुडालेलं कॅथेड्रल लिहिलं. आपण त्याला इम्प्रेशनिस्ट म्हणतो, म्हणजे ठळक रेषांपेक्षा क्षणाची छाप टिपणारा. त्याला स्वतःला हे लेबल बिलकूल आवडत नसे. पियानोला हातोड्या आहेत हे ऐकणाऱ्याने विसरलं पाहिजे, असा त्याचा आग्रह होता, असं त्याच्या जवळच्यांनी नोंदवून ठेवलंय. हातोडी विसरायची, तर मग ऐकायचं काय? ती सुटल्यावर मागे जे उरतं ते.

माझा सगळ्यात लाडका भाग इथे सुरू होतो. मधल्या आणि वरच्या सप्तकांत प्रत्येक पट्टीला तीन तारा असतात, तिन्ही एकाच स्वरात लावलेल्या. तंबोऱ्यातल्या जोडीच्या तारा आठवा. हातोडी तिघींना एकदम मारते, म्हणून तिघी एकदम वर, एकदम खाली जातात. तिघींचा धक्का एकाच दिशेने घोडीला बसतो, घोडी खालच्या लाकडी साउंडबोर्डला हलवते आणि बोर्ड हवेला. आवाज मोठा येतो आणि त्यामुळेच ऊर्जा भराभर उडून जाते. पण तीन तारा तंतोतंत एका स्वरात कधीच नसतात. हळूहळू त्यांच्या कंपनांची लय एकमेकींपासून सुटते, एक वर जात असताना दुसरी खाली येते. बरोबरीच्या रस्सीखेचीत दोर जागचा हलत नाही, तशी घोडी जवळजवळ थांबते. ऊर्जेला बाहेरची वाट बंद झाली की ती तारांतच घुटमळते आणि बारीक आवाज लांबत राहतो. म्हणजे पियानोचा स्वर एका उताराने विरत नाही. आधी तीव्र उतार, मग लांबलचक सपाटी. याची उकल गॅब्रिएल वाइनराइख या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९७७ साली केली.

आता डावं पेडल. ते 'आवाज कमी करायचं' पेडल आहे असा सार्वत्रिक समज. ग्रँड पियानोत ते दाबलं की हातोड्यांचा सगळा संच किंचित बाजूला सरकतो आणि तीनपैकी दोनच तारांना मार बसतो. तिसरी स्तब्ध. तारांची सुरुवात आकड्यांत मांडली तर (१, १, ०). हिची फोड करा: (⅔, ⅔, ⅔) अधिक (⅓, ⅓, −⅔). पहिला गट एकदिशा, म्हणजे लवकर संपणारा. दुसऱ्या गटाची बेरीज शून्य, म्हणजे घोडीला न हलवणारा, लांबणारा. वर्ग करून ऊर्जा काढली तर एकूण २ मधली ⅔ दुसऱ्या गटात पडते. आदर्श प्रतिमानात तरी एक तृतीयांश ऊर्जा पहिल्या क्षणापासूनच शेपटीत जमा! गणित नको असेल तर एवढंच धरा, की या पेडलने ठोका लहान होतो आणि त्या मानाने आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, मोठी होते. (घरांतल्या उभ्या पियानोचं डावं पेडल हातोड्या फक्त तारांजवळ आणतं. तिथे ही जादू शोधू नका.)

उजवं पेडल सगळ्या तारांवरचे डॅम्पर, म्हणजे तारांना गप्प ठेवणाऱ्या गाद्या, उचलतं. मग वाजवलेल्या स्वराच्या उपस्वरांशी जुळणाऱ्या, न वाजवलेल्या ताराही गुणगुणू लागतात, सतारीच्या तरबेसारख्या. देबुसीने पेडल कुठे दाबायचं हे जवळपास कुठेच लिहिलं नाही. 'बुडालेलं कॅथेड्रल' (प्रेल्यूड्स या छोट्या पियानो-रचनांचा पहिला संच, १९१०) यात मधोमध खर्जातला षड्ज ठोकून दोन्ही हात वर मोठाले कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक स्वर) वाजवायला निघून जातात. 'गुंजता, पण कठोरपणा नको' अशी सूचना वर लिहिलेली. खर्ज धरायला बोट शिल्लक नाही. पेडल दाबून ठेवलं तर कॉर्डांचा चिखल, सोडलं तर घंटा मुकी. वादक ते अर्धवट सोडतो. डॅम्पर तारांना नुसते शिवतात, वरच्या बारीक तारा लगेच गप्प होतात, खर्जाच्या जाड तारा तेवढ्याने थांबत नाहीत. पायाचं हे काम मिलिमीटरच्या अंशांत चालतं आणि प्रत्येक पियानोचा तो बिंदू वेगळा. मिकेलांजेली आपला पियानो आणि तंत्रज्ञ बरोबर घेऊन फिरे, वाद्य मनासारखं नसेल तर कार्यक्रम रद्द करी, याला लोक लहर म्हणत. मला ती मापनयंत्राची काळजी वाटते.

बोटांचं श्रेय मुळीच नाही असं नाही. सहा-सात स्वरांच्या कॉर्डमध्ये प्रत्येक हातोडीचा वेग वेगळा ठेवता येतो. ठळक करायच्या स्वराची हातोडी वेगवान, म्हणून ती पोचतेही साधारण २०–३० मिलिसेकंद आधी. एकेका स्वराला रंग नसेल, मिश्रणाला आहे.

२०२५ मध्ये जपानच्या शिनिची फुरुया आणि सहकाऱ्यांनी २० पियानोवादकांच्या पट्ट्यांची हालचाल सेकंदाला १,००० वेळा मोजली. वादकांनी ठरवून वाजवलेले पोत ऐकणाऱ्यांना ओळखता आले, असं हे संशोधक सांगतात. लगेच 'स्पर्शाचं रहस्य उलगडलं' थाटाच्या बातम्या झळकल्या. स्पर्शाने फरक पडतो हे मान्य. बोट पट्टीवर आपटल्याची टकटकही कानाला कळते, हे आधीच्या प्रयोगांत दिसलं होतंच. पण यातून आत्मा बोटांतून तारेत उतरतो वगैरे काही सिद्ध होत नाही. तसं मानणारे बहुधा ४३२ हर्ट्झच्या सुराने रोग बरे होतात हा व्हॉट्सअ‍ॅप संदेशही पुढे ढकलत असतात. उलट, डोळे कानांना किती फसवतात हे चिया-जुंग त्साय यांनी २०१३ मध्ये दाखवलं. पियानो स्पर्धांचे विजेते लोकांना आवाजावरून ओळखता येईनात, मुक्या व्हिडिओवरून जास्त बरोबर ओळखले.

म्हणून मित्राला सांगितलंय, व्हिडिओ बंद कर, हेडफोन लाव आणि 'कॅथेड्रल'चा शेवटचा कॉर्ड ऐक. ठोका सोडून दे. आवाज झपकन खाली येतो आणि मग एका जागी उतरायचा थांबल्यासारखा होतो. ती जागा सापडली की मला फोन कर.